बालपुस्तकांचा महोत्सव आणि वेशीबाहेरचे मूल

आपल्या साहित्याची चर्चा आपण गेली पन्नास-साठ वर्षे करीत आलो आहोत. कविता, कथा, आत्मकथन, नाटक, भाषा, विद्रोह, नकार, सौंदर्यशास्त्र यांतल्या प्रत्येकावर परिसंवाद झाले, वाद झाले, विशेषांक निघाले. या साऱ्या चर्चेत एक वाचक मात्र क्वचितच गृहीत धरला गेला. तो आठ-दहा वर्षांचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. दिवाळीच्या आसपास त्याचे मायबाप ऊसतोडीला निघतात. तो आजीजवळ मागे राहतो, नाहीतर शाळा सोडून त्यांच्याबरोबर कोपीवर जातो. त्याला अक्षरे जुळवून वाचता येते. त्याने वाचावे असे आपण काय लिहिले आहे? प्रस्थापित साहित्याला आपण शेकडो प्रश्न विचारले. हा एक प्रश्न स्वतःला विचारायचा राहून गेला.

तो माझ्या मनात पक्का झाला पुस्तकांच्याच गर्दीत. २०२३ पासून राष्ट्रीय पुस्तक न्यास डिसेंबर महिन्यात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरवू लागला. २०२४ च्या महोत्सवाला मी हिंगोलीहून रात्रीच्या बसने गेलो. मी एका ग्रामीण महाविद्यालयात मराठी शिकवितो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्या दिवशी माझ्या खिशात दोन हजार रुपये होते, पण ते माझे नव्हते. वस्तीतल्या विहारात मुलांसाठी एक पेटी-वाचनालय सुरू करावे म्हणून लोकांनी वर्गणी काढली होती. कुणी वीस दिले, कुणी पन्नास. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. पन्नासाची नोट म्हणजे त्या दिवसाचा सहावा हिस्सा. तेव्हा प्रत्येक पुस्तक उघडताना मी एकच पाहत होतो : ज्याने हा पैसा दिला त्याचे लेकरू या पुस्तकात कुठे आहे?

पुस्तकांसाठी एवढी माणसे लोटतात हे पाहून कुणालाही बरे वाटावे. मलाही वाटले. मुले जमिनीवर मांडी घालून चित्रे पाहत होती, आया त्यांना वाचून दाखवीत होत्या. तेव्हा महोत्सवाला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. महोत्सव म्हणजे शेवटी बाजार. बाजारात तेच येते जे आधी लिहिले गेले आणि छापले गेले. माझे म्हणणे त्या आधीच्या टप्प्याविषयी आहे.

अशा उत्सवांचे वारे आज साऱ्या आशियात आहे. सिंगापूरला २०१० पासून आशियाई बालसाहित्याचा स्वतंत्र महोत्सव भरतो. लेखक, चित्रकार, अनुवादक, प्रकाशक, शिक्षक तेथे जमतात. त्यामागची भूमिका साधी आहे : आशियातल्या मुलांनी आशियातल्या गोष्टी वाचाव्यात; युरोप-अमेरिकेत तयार झालेल्या परीराज्यावर आणि बर्फातल्या नाताळावर त्यांनी किती दिवस वाढायचे? ही भूमिका आपल्याला परकी नाही. दुसऱ्याने बनविलेल्या आरशात आपले तोंड दिसत नाही, हेच तर आपण मराठी साहित्याला सांगत आलो. पण म्हणूनच आपल्याला पुढचा प्रश्न विचारता येतो, जो उत्सवाच्या व्यासपीठावर सहसा विचारला जात नाही. आशियाचे मूल म्हणजे कोणते मूल? तोक्योतले? कोथरूडमधले? की औंढा नागनाथच्या डोंगरातल्या तांड्यावरचे? खंडाला एकच एक मूल नसते. प्रत्येक देशात वेशीच्या आतले एक मूल असते आणि वेशीबाहेरचे एक. चांगल्या आशियाई बालपुस्तकांची कसोटी मला येथे लावावीशी वाटते.

सर्वांच्या परिचयाचे पुस्तक घेऊ. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ जपानीत १९८१ साली आले. राष्ट्रीय पुस्तक न्यासाने ते मराठीत आणले आणि मराठी शिक्षकांनी व पालकांनी त्याला डोक्यावर घेतले. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा, मुलांचे ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी, हे सगळे आपल्या लक्षात राहिले. पण याच पुस्तकात मसाओ नावाचा एक कोरियन मुलगा आहे. तो गरीब वस्तीत राहतो. एके दिवशी रस्त्याने जाणाऱ्या तोत्तोचानकडे पाहून तो ओरडतो, ‘कोरियन!’ तिला काही कळत नाही. ती घरी येऊन आईला सांगते. आईचे डोळे भरून येतात. लोक त्या मुलाला हा शब्द शिवीसारखा वापरतात, म्हणून त्यालाही ती शिवीच वाटते, हे आई तिला समजावून सांगते. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता, हे माहीत असलेल्या वाचकाला त्या एका शब्दाचे वजन कळते. आपल्याला तर ते अधिकच कळावे. जातीचे नाव शिवी म्हणून ऐकत मोठे झालेले मूल त्याच शब्दाने दुसऱ्यावर दगड भिरकावते, हे दृश्य आपल्या वस्त्यांत नवे नाही.

या प्रकरणाचे मोठेपण असे की, ते मुलांपासून काही लपवीत नाही आणि प्रवचनही करीत नाही. मात्र एक मर्यादा नोंदविली पाहिजे. गोष्ट तोत्तोचानच्या दारातून सांगितली आहे. मसाओ ओरडतो आणि निघून जातो. तो घरी गेल्यावर त्याच्या आईने त्याला काय सांगितले? ते आपल्याला कळत नाही. करुणा अलीकडच्या काठावर उभी आहे; पलीकडचे मूल रस्त्यावरच राहते.

आता आपल्याकडचे मोठे पुस्तक घ्या. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने १९३५ पासून मराठी घरांत मुलांचे मन घडविले. त्यात एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडते. कुणी हात लावीत नाही. आई श्यामला सांगते की, जा, तिला मोळी उचलून दे आणि मग येऊन आंघोळ कर. त्या काळी, त्या घरात, एवढे करायला धैर्य लागत होते, हे मान्यच केले पाहिजे. गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले, हेही आपण विसरत नाही. परंतु समीक्षेने कृतज्ञतेपाशी थांबू नये. या प्रसंगात घडणारे मूल श्याम आहे. म्हातारीची मोळी डोक्यावर गेली की गोष्टीतले तिचे काम संपते. तिला नातू असेल. तो त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून आजीला विचारीत असेल की, त्या बामनाच्या पोराने तुला हात लावला, मग त्याने घरी जाऊन आंघोळ केली का? हा नातू मराठी बालसाहित्यात जन्मला नाही. तोत्तोचान आणि श्याम यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे, पण दोघांच्या गोष्टींत दुसरे मूल काठापलीकडेच राहिले.

पलीकडे जाता येते का? जपानच्याच साहित्यात एकीने ते करून दाखविले. सुमी सुए या मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखिका. १९६१ पासून त्यांची ‘पूल नसलेली नदी’ ही मोठी कादंबरी खंडाखंडांनी प्रसिद्ध झाली. तिचे नायक नारा भागातल्या बुराकू वस्तीतले दोन भाऊ आहेत. बुराकू म्हणजे कातडे कमावणे, मेलेली जनावरे ओढणे अशा कामांमुळे पिढ्यान्पिढ्या अस्पृश्य मानले गेलेले जपानी लोक. ही मुले शाळेत जातात आणि वर्गात त्यांना त्यांची ‘जागा’ दाखविली जाते. लेखिका स्वतः त्या समाजातल्या नव्हत्या. पण कथेचा कॅमेरा, आजच्या भाषेत बोलायचे तर, त्यांनी मुलांच्या घरात नेऊन ठेवला. आणि १९२२ साली या समाजाने आपली मुक्तिसंघटना उभारली तेथपर्यंत त्यांनी कथा आणली. दुःख सांगितले आणि त्याला वाटही दिली. आशियाई साहित्याशी आपले नाते जोडायचे असेल तर ते आधी या धाग्याने जोडले पाहिजे.

आणि इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. ज्या हैदराबादच्या राज्यात हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होती, त्या हैदराबादेत ‘अन्वेषी’ या स्त्री-अभ्यास केंद्राने २००८ साली मुलांच्या गोष्टींची एक मालिका काढली. तेलुगू, मलयाळम आणि इंग्रजी अशा तीन भाषांत. गोगू श्यामला, जूपाक सुभद्रा, एम. एम. विनोदिनी या दलित लेखिकांनी, महंमद खदीर बाबू यांनी तिच्यात लिहिले. एका गोष्टीत बोकडाच्या मुंडीचे कालवण शिजते. एका गोष्टीतल्या मुलाला दोन नावे आहेत. शिक्षणक्षेत्रात ज्यांना ‘विशेष’ किंवा ‘मागास’ म्हणून शेवटच्या बाकावर बसविले जाते, त्या मुलांची ही रोजची घरे आहेत. मुंडीचे कालवण वाचताना मला जाणवले की, मराठी बालपुस्तकांतल्या स्वयंपाकघरांत मी लाडू पाहिले, चकल्या पाहिल्या, थालीपीठही पाहिले. रविवारची वजडी मात्र पाहिलेली मला आठवत नाही. आमच्या मुलांच्या तोंडाला ज्या वासाने पाणी सुटते, तो वास पुस्तकात आणायला कुणाची परवानगी लागते?

चित्रांचेही तेच. मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, तारा बुक्सने मध्य प्रदेशातल्या गोंड चित्रकारांकडून मुलांची पुस्तके करून घेतली आणि त्यांतल्या ‘झाडांची रात्र’ सांगणाऱ्या पुस्तकाला २००८ साली इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक जत्रेचा पुरस्कार मिळाला. आपल्याच सह्याद्रीच्या कुशीतल्या रमेश हेंगाडी, शांताराम धडपे या वारली चित्रकारांना घेऊन तारानेच २००९ साली क्रियापदांचे एक सुंदर पुस्तक काढले आणि त्यावर त्यांची नावे छापली. २००७ साली नवयान प्रकाशनाने कांचा इलैया यांचे श्रमप्रतिष्ठेवरचे मुलांचे पुस्तक काढले. चांभार, कुंभार, परीट, न्हावी, गुराखी, शेतकरी यांच्या कामात केवढे ज्ञान आहे हे ते सांगते. चित्रे दुर्गाबाई व्याम यांची. हे सगळे भारतात झाले, पण त्याचा पुढाकार महाराष्ट्रातून आला नाही. जोतीराव फुल्यांच्या आणि बाबासाहेबांच्या महाराष्ट्राने या गोष्टीची खंत करावी.

मराठी बालसाहित्य दरिद्री आहे, असे मला म्हणायचे नाही. १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापनीती मराठीत आणली. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ मासिक निघाले. विंदांच्या बालकविता, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे, हे कुणाला नको होईल? माधुरी पुरंदरे यांनी घरातल्या लहानशा घडामोडींतून मुलाचे मन उलगडून दाखविले आणि २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. आमच्या शेजारच्या नांदेडचे सुरेश सावंत यांना २०२५ साली तोच पुरस्कार मिळाला. म्हणजे मराठवाडाही मागे नाही. पण या साऱ्या वैभवात घर म्हणजे बहुधा पांढरपेशा घर, गाव म्हणजे सुटीत जायचे आजोळ, आणि वस्ती म्हणजे रस्त्यात दिसणारी पण पाय न थांबणारी जागा. फास्टर फेणेची सायकल महाराष्ट्रभर धावली. ती आमच्या वस्तीच्या बोळात वळावी, असे तिला कुणी सांगितले नाही. आणि ते सांगण्याची वाट पाहत बसणे हा आपला मार्गही नव्हे. आपण आपली कविता दुसऱ्याने लिहावी म्हणून थांबलो नव्हतो.

येथे आपल्या परंपरेकडे वळून पाहिले म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. आपल्या आधुनिक गद्याचा आरंभ असा एका शाळकरी मुलीच्या हातून झाला आहे. त्याहून मागे जा. आमच्या हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. बाळ नामदेवाने विठ्ठलाला नैवेद्य खायला लावला, ही गोष्ट येथले प्रत्येक मूल ऐकते. पण चोखोबांचा मुलगा कर्ममेळा यानेही अभंग रचले आणि देवाला हीन जन्माचा जाब विचारला. ही गोष्ट किती मुलांना सांगितली जाते? एक मूल देवाला जेवू घालते, दुसरे त्याला प्रश्न विचारते. पहिले पाठ्यपुस्तकाला मानवते. दुसऱ्याला आपणही मुलांपर्यंत पोचविलेले नाही.

पुढे आत्मकथनांचा काळ आला. ‘बलुतं’ १९७८चे, ‘आठवणींचे पक्षी’ १९७९चे, ‘उपरा’ १९८०चे, ‘अक्करमाशी’ १९८४चे, ‘उचल्या’ १९८७चे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ही याच दशकातले. ही पुस्तके पुन्हा उघडून पाहा. त्यांची सर्वांत जिवंत पाने बालपणाची आहेत. भूक, शाळा, सण, मार, आई, नदी, चोरून खाल्लेले बोर. प्र. ई. सोनकांबळे यांचे पोरके मूल तर मराठवाड्याच्या बोलीत, छोट्या छोट्या आठवणींतून आपल्याशी बोलते. म्हणजे मराठी साहित्याला खरेखुरे, भुकेले, हुशार, खोडकर, अपमान गिळणारे आणि तरीही हसणारे मूल दिले ते आपल्याच लेखकांनी. पण ती सारी पुस्तके मोठ्यांसाठी लिहिलेली आहेत. त्यांचा संबोधित वाचक बहुतेक वेळा सवर्ण प्रौढ आहे. त्याला हादरवायचे, त्याला लाज वाटायला लावायची, हा त्यांचा ऐतिहासिक हेतू होता आणि तो योग्यच होता. परिणाम मात्र असा झाला की, मूल आपल्या साहित्यात बोलते, पण आपले साहित्य मुलाशी बोलत नाही.

हे बोलणे कसे असावे? याचे उत्तर मला सिद्धांतातून मिळाले नाही, एका जुन्या कथनातून मिळाले. बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे काही अनुभव इंग्रजीत लिहून ठेवले होते. ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ या नावाने आपण ते ओळखतो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने काढले. त्यातला पहिला अनुभव १९०१ सालचा. वडील दुष्काळी कामावर खजिनदार म्हणून गोरेगावला होते. मुले साताऱ्याला. सुटीत वडिलांकडे जायचे म्हणून नवे कपडे, जरीच्या टोप्या, काठाची धोतरे घालून लहानगा भीम आणि घरातली मुले रेल्वेने मसूर स्थानकावर उतरली. न्यायला कुणी आले नव्हते. स्थानकप्रमुखाने आपुलकीने चौकशी केली, जात कळताच तो मागे सरला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्याला तयार झाला, पण अट अशी की, गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. वाटेत पाणी मिळाले नाही. शिदोरी भरलेली होती, पण पाण्यावाचून घास उतरेना; मुले उपाशीच झोपली.

ही गोष्ट मी आमच्या विहारात मुलांना सांगितली. मोठ्यांच्या सभेत हा प्रसंग मी कितीदा तरी ऐकला आहे. तेथे तो सांगताना वक्त्याचा आवाज जड होतो, श्रोते माना खाली घालतात. मुलांनी मान खाली घातली नाही. ‘गाडी मुलांनी हाकायची’ येथे मी आलो आणि तिसरीतला एक पोरगा ताडकन उठून बसला. ‘सर, मंग गाडी हाकली कोनी? भीमानं का त्याच्या भावानं?’ दुसऱ्याने विचारले, ‘बैल ऐकत होते का त्यांचं?’ एक पोरगी गप्प होती. तिने शेवटी विचारले, ‘डबा होता तर पानी का नव्हतं नेलं?’ आणि मग तिनेच उत्तर दिले, ‘त्याईला वाटलं असल, पानी काय, कुठंबी भेटतं.’

मी मराठीचा अध्यापक आहे. या प्रसंगावर मी विद्यार्थ्यांना टिपणे लिहून दिली आहेत. त्या पोरीच्या वाक्याइतके नेमके विवेचन त्या टिपणांत नाही. पाणी कुठेही मिळते, असा जगावर विश्वास ठेवून घरातून निघालेली मुले आणि तो विश्वास मोडणारे जग, हे त्या अनुभवाचे सार आहे. आणि पहिल्या पोराचा प्रश्न? मोठ्यांनी त्या अटीत अपमान पाहिला. पोराने कासरा पाहिला. तो कासरा मुलांच्या हातात होता. गाडीवान पायी चालत होता. अपमान करण्यासाठी घातलेल्या अटीने मुलांना गाडीवर बसविले, हे मुलांनाच दिसू शकते. दलित बालसाहित्याचे बीज मला येथे दिसते. मोठ्यांचे दुःख लहान करून, साखर लावून मुलांना पाजणे म्हणजे बालसाहित्य नव्हे. त्याच घटनेत मूल जेथे उभे असते तेथून ती सांगणे, म्हणजे बालसाहित्य. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी २०११ सालच्या ‘भीमायन’मध्ये हे चित्रांतून साधले. त्यात मायेचे बोल पक्ष्याच्या आकारात येतात आणि डंख मारणाऱ्या बोलण्याला विंचवाची नांगी असते. विंचू म्हणजे काय, हे खेड्यातल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

कुणी म्हणेल, कोवळ्या मनावर जातीचे ओझे कशाला? हा आक्षेप सदिच्छेतून येतो, पण तो ज्याच्या घरात जात बोलली जात नाही त्याचा आहे. आमच्या मुलाला ती आधीच ठाऊक असते. आडनाव विचारणाऱ्याच्या डोळ्यांत ती त्याला पहिलीतच दिसते. पुस्तक त्याला नवीन दुःख देत नाही. त्याच्याजवळ असलेल्या गोष्टीला शब्द देते आणि तू एकटा नाहीस असे सांगते. शिवाय हे पुस्तक फक्त आमच्या मुलाने वाचायचे नाही. मसाओची गोष्ट कोरियन मुलांइतकीच जपानी मुलांसाठी होती. वेशीच्या आतल्या मुलालाही कळले पाहिजे की, मोळी उचलून दिल्यावर आंघोळ का करायची नसते.

दुसरा धोका आपल्या बाजूचा आहे. बाबासाहेबांवरची मुलांची पुस्तके विहारात पुष्कळ येतात. पण त्यांतली बरीचशी एका साच्यातली : गरीब मुलगा, रात्रंदिन अभ्यास, परदेशी पदव्या, राज्यघटना, तात्पर्य. गरिबी राहते, जात गळून पडते. अशा पुस्तकातला भीम कधी खोडी करीत नाही, कधी भित नाही, कधी गाडी हाकीत नाही. मूल त्याला हार घालते आणि पुस्तक मिटते. पूजा करायला लावणारे पुस्तक हे आपल्या विचाराचे पुस्तक नव्हे.

तिसरी गोष्ट भाषेची. आमच्याकडचे मूल ‘माय’ म्हणते, ‘काऊन’ म्हणते, ‘लेकरू’ म्हणते. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, आंध आदिवासींचे मूल आपल्या वळणाने मराठी बोलते. पुस्तकात ही बोली आलीच तर नोकराच्या नाहीतर विनोदी पात्राच्या तोंडी येते. आत्मकथनांनी मोठ्यांच्या साहित्यात ही उतरंड मोडली. मुलांच्या पुस्तकात ती अजून उभी आहे. ज्या भाषेत माय रागावते त्या भाषेत एकदा तरी छापील गोष्ट वाचायला मिळाली, तर मुलाला शाळा थोडी आपली वाटेल.

त्या दोन हजारांत मी ‘तोत्तोचान’ घेतले, न्यासाची काही चित्रमय पुस्तके घेतली, प्राण्यांची, ताऱ्यांची, विज्ञानाची घेतली. ती मुलांना आवडली. ताऱ्यांवर कुणा एका जातीची मालकी नाही आणि आमच्या मुलांनी फक्त दुःखच वाचावे असे मी कधीच म्हणणार नाही. पण पेटीत एक कप्पा रिकामा राहिला, आणि तो कोणत्याही महोत्सवातून भरता येणार नाही. तो आपल्यालाच भरावा लागेल.

काम अवघड नाही. आपल्या आत्मकथनांतून बालपणाचे वीस प्रसंग निवडावेत आणि ज्या लेखकांची संमती मिळेल त्यांचे मुलांसाठी पुन्हा लिहून काढावेत. हैदराबादच्या मालिकेतल्या गोष्टी तेलुगूतून थेट मराठीत आणाव्यात. देगलूर, बिलोली, किनवटकडे दोन्ही भाषा बोलणारे आपले पदवीधर आहेत. गावोगावच्या विहारांतल्या भिंती रंगविणारी पोरे आहेत, त्यांच्या हातात पुस्तकाचे पान द्यावे. छपाई स्वस्त ठेवावी. दिवसाच्या मजुरीत आठ-दहा पुस्तके यावीत एवढा दर असावा. २०१५ पासून प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मुलांच्या गोष्टी मोफत वाचता येतात, कुणालाही त्यांचा अनुवाद करता येतो; तेथे गोरमाटीत एक गोष्ट घालायला बंजारा समाजातल्या आपल्या विद्यार्थ्याला एक आठवडा लागेल. आणि आपल्या नियतकालिकांनी प्रत्येक अंकाची चार पाने मुलांसाठी राखून ठेवावीत. मुलांविषयीच्या लेखांसाठी नव्हे, मुलांनी वाचण्यासाठी. मुक्ता साळवेला ‘ज्ञानोदया’ने जागा दिली म्हणून ती आपल्याला मिळाली. आज तिच्या वयाची मुलगी सेनगाव तालुक्यात वहीच्या मागच्या पानावर काही लिहीत असेल, तर तिने ते कुठे पाठवायचे, हे तिला सांगता आले पाहिजे.